गाडी बोलवण्याआधी: लहान कारखान्यातला माल वेळेत आणि शाबूत पोहोचवण्याची रीत

माल उशिरा पोहोचला की पहिला फोन ट्रान्सपोर्टवाल्याला जातो. कुपवाड एमआयडीसीतल्या एका मसाल्याच्या युनिटचं डिस्पॅच मी सांभाळते, आणि अनुभव असा की चूक बहुतेक वेळा गाडी गेटवर यायच्या आधीच होऊन गेलेली असते. छापील पाऊच संपलेले असतात, बॉक्स मोजताना गडबड झालेली असते, नाहीतर ऑर्डरवर एक पत्ता आणि बिलावर दुसरा असतो. पाच ते पंचवीस माणसांचा कारखाना चालवणाऱ्यांकडून याच चुका पुन्हा पुन्हा होताना दिसतात, म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे. यात क्रमालाच महत्त्व आहे.

उदाहरण शेवटपर्यंत एकच ठेवते. कांदा-लसूण मसाला, २०० ग्रॅमचे पाऊच, एका बॉक्समध्ये ५० पाऊच म्हणजे १० किलो. असे ३०० बॉक्स सांगलीहून नागपूरच्या वितरकाकडे पाठवायचे आहेत आणि माल २० तारखेला त्याच्या गोडाऊनमध्ये उतरायला हवा.

टप्पा १: ऑर्डर ओळीओळीने वाचा

खरेदी आदेश आला की आपण रक्कम बघतो आणि कामाला लागतो. आधी पाच गोष्टी पेनाने खूण करून तपासा.

एकक कोणतं आहे? ३०० म्हणजे ३०० बॉक्स, ३०० किलो की ३०० पाऊच? "नग" असा शब्द असेल तर फोन करा आणि उत्तर लेखी मागवा.

बिल कोणाच्या नावावर आणि माल कोणत्या पत्त्यावर? ऑफिस नागपूरच्या धंतोलीत आणि गोडाऊन शहराबाहेर, असं सर्रास असतं. दोन्ही पत्ते पिनकोडसह, आणि गोडाऊनवर माल उतरवून घेणाऱ्या माणसाचा नंबर. दुकानमालकाचा नंबर रात्री अकरा वाजता ड्रायव्हरच्या कामी येत नाही.

ऑर्डरची मुदत कधीपर्यंत आहे? मोठ्या साखळी दुकानांच्या ऑर्डरवर शेवटची तारीख छापलेली असते. ती उलटली तर गेटवरून गाडी परत पाठवतात. माल उतरवायची वेळ आधी ठरवून घ्यावी लागते का, हेही तेव्हाच विचारा.

मालाची किती मुदत शिल्लक हवी? खाद्यपदार्थात हा मुद्दा हमखास राहून जातो. चार महिन्यांपूर्वीची बॅच चवीला उत्तम असली तरी अटीत बसत नसेल तर ती परत येणार, आणि परतीचं भाडं आपल्या माथी.

भाडं आणि हमाली कोणाची? चढवायची हमाली, उतरवायची हमाली, वाराई (माल रचून लावण्याची मजुरी) हे तीन वेगळे खर्च म्हणून लिहून घ्या. गाडी दारात उभी करून यावर वाद घालणं सगळ्यात महाग पडतं, कारण गाडी अडकली की होल्टिंग, म्हणजे गाडी थांबवून ठेवल्याचा जादा आकार, लागू होतं.

टप्पा २: तारखा उलट्या मोजा

आजपासून पुढे मोजू नका, पोहोचवायच्या तारखेपासून मागे या.

२० तारखेला उतरवणं. सांगली ते नागपूर सुमारे ७५० किलोमीटर. पूर्ण गाडीला दोन दिवस आणि वाटेतल्या अडचणीसाठी एक दिवस राखीव. म्हणजे १७ तारखेला गाडी भरायची. १६ ला बॉक्सची तपासणी आणि कागद. १५ ला पॅकिंग संपलेलं हवं. आमच्याकडे दिवसाला सरासरी २,००० पाऊच म्हणजे ४० बॉक्स होतात. ३०० बॉक्सना साडेसात दिवस, म्हणजे कामाचे आठ. मधली साप्ताहिक सुट्टी धरून सुरुवात ७ तारखेला. म्हणून ६ तारखेच्या संध्याकाळी छापील पाऊच, रिकामे बॉक्स, टेप, लेबल आणि मसाल्याचा कच्चा माल सगळं आपल्या छताखाली हवं.

छापील पाऊच यायला वाईटात वाईट १८ दिवस लागतात. म्हणजे २० तारखेच्या मालासाठी पाऊचची ऑर्डर मागच्या महिन्याच्या १८-१९ तारखेला जायला हवी होती! वितरकाची ऑर्डर तेव्हा आलेलीसुद्धा नसते. म्हणून पुढचा टप्पा लागतो.

तपासा: मोजलेल्या तारखा फळ्यावर लिहिल्यात का? डोक्यातल्या तारखा एकट्यालाच माहीत असतात, आणि नेमका तोच माणूस लग्नाला गेलेला असतो.

टप्पा ३: कोणत्या आकड्याला नवी मागणी लावायची

"संपत आलं की मागवू" ही पद्धत सोडा. प्रत्येक वस्तूचा एक आकडा ठरवा. साठा त्या आकड्यावर आला की त्याच दिवशी मागणी लावायची.

आकडा काढायला चार गोष्टी हव्यात: रोजचा सरासरी वापर, रोजचा जास्तीत जास्त वापर, माल यायला लागणारे सरासरी दिवस आणि जास्तीत जास्त दिवस. आमचे पाऊचचे आकडे असे: सरासरी २,०००, जास्तीत जास्त २,८००, सरासरी १२ दिवस, जास्तीत जास्त १८.

जास्तीत जास्त वापर गुणिले जास्तीत जास्त दिवस: २,८०० × १८ = ५०,४००. हा मागणी लावायचा आकडा. सरासरी वापर गुणिले सरासरी दिवस: २,००० × १२ = २४,०००. दोन्हींतला फरक २६,४०० हा राखीव साठा, म्हणजे पुरवठादार उशीर करतो आणि विक्री वाढते अशा एकत्र वाईट काळासाठी ठेवलेला माल.

राखीव साठ्यात पैसा अडकतो, म्हणून सगळ्याच वस्तूंना हे सूत्र लावू नका. सेलोटेप सांगलीच्या बाजारात तासाभरात मिळते. तिला एक आठवड्याचा साठा पुरे. छापील पाऊच दुसऱ्या कोणाकडे मिळत नाहीत, त्यांच्यासाठी पैसा अडकवणं योग्य. माझं मत असं की लहान कारखाने इथे नेमकं उलटं करतात. मिरची स्वस्त मिळाली म्हणून पोतीच्या पोती भरतात आणि पाऊचचा शेवटचा रोल मशीनवर चढेपर्यंत कोणाचं लक्ष नसतं. मिरची-हळदीने भरलेल्या गोडाऊनसमोर पॅकिंगच्या ताई दोन दिवस हात बांधून बसलेल्या मी पाहिल्या आहेत.

दिवाळीच्या आधी आणि लग्नसराईत वापराचे आकडे बदलतात. मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याची बिलं काढून सूत्र नव्याने मांडा. तीन महिन्यांतून एकदा तर मांडाच.

टप्पा ४: साठा हाताने मोजा

कॉम्प्युटरवर ३२० बॉक्स दिसतात म्हणून ३२० बॉक्स आहेत असं नाही. फुटलेले, नमुन्याला दिलेले, परत आलेले पण वेगळे न काढलेले, सगळे त्या आकड्यात बसलेले असतात. ऑर्डर पक्की करण्याआधी तोच माल, तीच बॅच हाताने मोजा. मोजणारा आणि नोंदवणारा अशी दोन माणसं ठेवा, आणि मोजणाऱ्याला कॉम्प्युटरवरचा आकडा आधी सांगू नका. सांगितला की तोच आकडा "सापडतो".

प्रत्येक थप्पीला एक कार्ड टांगा: बॅच, पॅकिंगची तारीख, मुदत संपायची तारीख, आले, गेले, शिल्लक. माल काढताना ज्याची मुदत आधी संपते तो आधी बाहेर. नवा माल पुढे आणि जुना भिंतीकडे रचला की हा नियम पाळणं अशक्य होतं, म्हणून थप्प्यांमध्ये माणूस आडवा जाईल एवढी वाट सोडा. थप्पी जमिनीवर टेकवू नका, पॅलेट किंवा लाकडी फळ्या घाला. भिंतीपासूनही हातभर लांब. पावसाळ्यात सगळ्यात खालचा बॉक्स ओल धरतो आणि ते कळतं थप्पी कलल्यावर.

टप्पा ५: बॉक्स आणि गाडीचा हिशेब एकत्र करा

इथे थोडं थांबून वाचा. सर्वात जास्त नुकसान याच जागी होतं.

गाडी ठरवताना आपण वजन सांगतो: "तीन टन माल आहे." ट्रान्सपोर्टवाला १४ फुटी गाडी देतो. तिची क्षमता साधारण साडेतीन-चार टन, म्हणजे वजनाने प्रश्न मिटला. आता जागा बघू. बॉक्सचं माप ४५ × ३० × ३० सेंटिमीटर. गाडीचा आतला भाग १४ फूट लांब, ६ फूट रुंद, ६ फूट उंच; म्हणजे सुमारे ४२७ × १८३ × १८३ सेंटिमीटर. रुंदीत ४ बॉक्स, लांबीत १४ ओळी, उंचीत ६ थर: ४ × १४ × ६ = ३३६. तीनशे बॉक्स आरामात बसले असं वाटतं.

पण सहा थर म्हणजे तळच्या बॉक्सवर ५० किलो. गोडाऊनमध्ये स्थिर उभी असलेली थप्पी हे वजन पेलेल. रस्त्यावर दोन दिवस हादरे खाणारी थप्पी पेलेलच असं नाही. आमचा पाच पदरी बॉक्स पाच थरांपर्यंत नीट राहतो, सहाव्याला तळचा कोपरा बसतो, पाऊच दाबले जातात, मसाल्याचं तेल सुटतं आणि पुठ्ठ्यावर तांबूस डाग उमटतो. तो डाग दिसला की वितरक बॉक्स उघडूनही बघत नाही. म्हणून पाच थर धरा: ४ × १४ × ५ = २८०. वीस बॉक्स बाहेर राहिले. पहिल्या वर्षी आम्ही हे गाडी भरताना शिकलो आणि ते वीस बॉक्स वरच्या फटीत कोंबले. नागपुरात तळच्या थराची जी अवस्था झाली होती ती फोटोत बघूनही कसंतरी झालं. तेव्हापासून याच मालाला १७ फुटी गाडी घेतो: लांबीत १७ ओळी, ४ × १७ × ५ = ३४०. भाडं थोडं जास्त, परतीचा माल शून्य.

किती थर चालतील हे अंदाजाने ठरवू नका. भरलेला बॉक्स जमिनीवर ठेवा, वर भरलेले बॉक्स रचत जा, रात्रभर ठेवा आणि सकाळी तळच्या बॉक्सच्या चारही कोपऱ्यांवरून बोट फिरवा. कोपरा गोल झाला असेल तर एक थर कमी. दुसरी परीक्षा पाडण्याची: भरलेला बॉक्स कमरेच्या उंचीवरून एकदा कोपऱ्यावर, एकदा कडेवर, एकदा तळावर पाडा. हमाल तो याहून हळुवार ठेवेल अशी आशा धरू नका.

बॉक्सवर बॉक्स नेमका कोपऱ्यावर कोपरा येईल असा रचा. विटांसारखी सांधेमोड केली की थप्पी घट्ट दिसते, पण पुठ्ठ्याची ताकद कोपऱ्यांत असते आणि वरच्या बॉक्सचं वजन खालच्याच्या पोकळ मध्यावर येतं. थप्पी सुटू नये म्हणून फक्त सगळ्यात वरचा थर आडवा फिरवा आणि पट्टी मारा.

बॉक्समध्ये वर मोकळी जागा राहिली तर तो बसणारच. पाऊचची मांडणी बदला किंवा लहान बॉक्स घ्या.

प्रत्येक बॉक्स काट्यावर ठेवा. एक पाऊच कमी असलेला बॉक्स २०० ग्रॅमने हलका येतो आणि तिथेच पकडला जातो. बॉक्सवर दोन बाजूंना ठळक लिहा: बॅच, मुदत आणि ३०० पैकी कितवा. "१४७/३००" असं लिहिलेलं असेल तर पोहोचल्यावर कोणता बॉक्स आला नाही हे मिनिटात कळतं.

टप्पा ६: पूर्ण गाडी की पार्ट लोड

४०-५० बॉक्स असतील तर पार्ट लोडशिवाय, म्हणजे इतरांच्या मालासोबत एकाच गाडीत पाठवण्याशिवाय, पर्याय नसतो. फक्त एवढं लक्षात ठेवा की पार्ट लोडचा माल वाटेत एक-दोन ठिकाणी उतरतो, दुसऱ्या गाडीत चढतो, आणि प्रत्येक चढ-उतारीला बॉक्स आपटतो. त्याला एक थर जादा पुठ्ठा द्या, दिवसही वाढवून धरा. भाडं वजनावर लागणार की आकारमानावर, हे आधी विचारा. कुरमुरे, पापड, फरसाण असा हलका माल पाठवणाऱ्यांना बिल बघून धक्का बसतो तो यामुळेच.

टप्पा ७: गाडी आली की आधी रिकामी बघा

आरसी, फिटनेस, विमा, परमिट आणि ड्रायव्हरचं लायसन्स यांचे फोटो घ्या. मग स्वतः गाडीत चढा. तळाला खिळे, फुटलेल्या फळ्या, ओल, तेल आहे का? वास घ्या. आधी खत, मासे किंवा रसायन नेलेल्या गाडीत खाण्याचा माल भरू नका. मसाला वास धरतो आणि तो परत जात नाही. बंद गाडी असेल तर आत उभं राहून दार बाहेरून लावायला सांगा आणि अंधारात छताकडे बघा. जिथून उजेडाचा ठिपका दिसतो तिथून पाणी येणार. उघडी गाडी असेल तर ताडपत्री पूर्ण उलगडून बघा. जून ते सप्टेंबर दोन ताडपत्र्या.

थांबा: यातलं काही बरोबर नसेल तर गाडी परत करा. आधीचे सहा टप्पे वेळेत झाले असतील तर दुसरी गाडी मागवायला दिवस शिल्लक असतो. नसतील तर "चालवून घेऊ" म्हणायची वेळ येते.

टप्पा ८: भरणं आणि मोजणी

एकाच गाडीत दोन ठिकाणचा माल असेल तर शेवटी उतरणारा आधी चढवा. मोजणी पाच-पाचच्या रेघांनी कागदावर करा, आपला एक माणूस आणि ड्रायव्हर दोघांनी वेगवेगळी. दोन्ही आकडे जुळले की ड्रायव्हरची सही घ्या. दार लावल्यावर सील मारा. सीलचा नंबर बिलावर आणि बिल्टीवर (माल ताब्यात घेतल्याची ट्रान्सपोर्टची पावती) लिहा. भरलेल्या गाडीचा आणि सीलचा फोटो ठेवा. वजनकाट्याची पावती असेल तर तीही त्याच फाइलला.

टप्पा ९: कागद, याच क्रमाने

आधी टॅक्स इन्व्हॉइस. वार्षिक उलाढाल ५ कोटींच्या वर गेलेल्या व्यवसायांना दुसऱ्या जीएसटी नोंदणीधारकाला विकताना ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल, लागतं. ते आधी, बाकी नंतर. मग बिल्टी, म्हणजे एलआर. मग ई-वे बिल, म्हणजे माल रस्त्याने नेण्यासाठी जीएसटीच्या पोर्टलवर काढायचा कागद.

ई-वे बिलाची मर्यादा राज्याबाहेर जाणाऱ्या मालाला ५०,००० रुपये आणि महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाख रुपये. किंमत जीएसटी धरून मोजायची. आमचा नागपूरचा माल राज्यातलाच, पण किंमत लाखाच्या कितीतरी वर, म्हणून ई-वे बिल हवंच.

पार्ट ए मध्ये मालाची आणि बिलाची माहिती, पार्ट बी मध्ये गाडी नंबर. वैधता पार्ट बी पहिल्यांदा भरल्यापासून सुरू होते: साध्या मालाला दर २०० किलोमीटरला, किंवा त्याच्या भागाला, एक दिवस. ७५० किलोमीटरला ४ दिवस. पहिला दिवस दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्री संपतो. १७ तारखेला संध्याकाळी पार्ट बी भरला तर वैधता २१ च्या मध्यरात्रीपर्यंत. म्हणून गाडी ठरली एवढ्यावर आदल्या दिवशीच पार्ट बी भरून ठेवू नका. आपलेच तास वाया जातात. गाडी भरून, सील होऊन, नंबर प्लेट डोळ्यांनी बघून मगच भरा.

हमखास होणाऱ्या चुका:

- गाडी नंबर फोनवर ऐकून लिहिणं. एक आकडा चुकला तरी रस्त्यातल्या तपासणीत गाडी अडकते.
- बिलाचा पत्ता माल उतरवायच्या पत्त्याच्या जागी टाकणं.
- वाटेत गाडी बिघडली, माल दुसऱ्या गाडीत घातला, पण पार्ट बी बदलला नाही.
- चुकलेलं ई-वे बिल तसंच सोडून नवं काढणं. चुकलेलं २४ तासांच्या आत रद्द करा.

टप्पा १०: वाटेत

ड्रायव्हरला दिवसातून दोन ठरलेल्या वेळी फोन करा आणि गावाचं नाव लिहून ठेवा. दर तासाला फोन करून त्याचं चालवणं कठीण करू नका. आदल्या संध्याकाळी नागपूरच्या गोडाऊनला कळवा: गाडी नंबर, ड्रायव्हरचा नंबर, बॉक्सची संख्या, सील नंबर. उशीर होणार हे दिसलं की त्याच क्षणी सांगा. ई-वे बिलाची वैधता संपत आली असेल तर मुदत संपण्याच्या आधीचे ८ तास आणि नंतरचे ८ तास, एवढ्याच काळात ती वाढवून मिळते. हा काळ रात्री येतो, म्हणून मोबाइलवर गजर लावा.

टप्पा ११: उतरवणं आणि पोहोच पावती

माल उतरवून घेणाऱ्याने सही-शिक्का मारून दिलेली बिल्टीची प्रत म्हणजे पोहोच पावती, पीओडी. पुढचे सगळे वाद तिच्यावरच्या एका ओळीवर ठरतात.

आमचे ४८ बॉक्स एकदा पार्ट लोडने गेले, त्यातले सहा भिजले. वितरकाच्या माणसाने घाईत "माल मिळाला" लिहून सही केली आणि फोटो आम्हाला दुसऱ्या दिवशी आले. ट्रान्सपोर्टने पोहोच पावती दाखवली. तिच्यावर तक्रारीचा शब्द नव्हता. सहा बॉक्सचे पैसे आम्ही सोडले.

म्हणून माल निघतानाच घेणाऱ्याला लेखी सांगून ठेवा: सील आधी बघा, नंबर जुळवा, बॉक्स मोजा, मग सही. कमी किंवा खराब असेल तर संख्या आणि वर्णन पोहोच पावतीवर लिहा, "६ बॉक्स भिजलेले, क्रमांक १२ ते १७", खाली ड्रायव्हरची सही, आणि गाडीतून उतरण्याआधीचा फोटो.

दोन गोष्टी बहुतेकांना माहीत नसतात. सार्वजनिक मालवाहतूकदारांच्या २००७ च्या कायद्याखाली नुकसानीची लेखी नोटीस माल बुक केल्यापासून १८० दिवसांच्या आत द्यावी लागते, तरच पुढे दावा करता येतो. आणि मालाची जास्त किंमत व जोखीम आधी लेखी जाहीर केली नसेल तर भरपाईला भाड्याच्या दहापटीची मर्यादा आहे. ४,००० रुपये भाड्यावर ३ लाखांचा माल पाठवला आणि तो पूर्ण गेला, तर हिशेब ४०,००० वर थांबतो. ट्रान्झिट विमा याचसाठी घ्यायचा. तो असेल तर नुकसान दिसताच विमा कंपनीला कळवा आणि पाहणी होईपर्यंत खराब बॉक्स फेकू नका.

टप्पा १२: फाइल बंद करा

मूळ पोहोच पावती हातात आल्याशिवाय ट्रान्सपोर्टचं उरलेलं भाडं देऊ नका, आणि ती आली की भाडं अडवूनही ठेवू नका. वेळेवर पैसे देणाऱ्या कारखान्याला दिवाळीच्या गर्दीत गाडी मिळते.

मग वहीत प्रत्येक पाठवणीसाठी चार रकाने भरा: ठरल्या दिवशी पोहोचला का, पूर्ण पोहोचला का, किती बॉक्स खराब, प्रति बॉक्स भाडं किती. पाच मिनिटांचं काम आहे. तीन महिन्यांनी टप्पा ३ मधले आकडे नव्याने मांडायला बसाल तेव्हा ही वही शेजारी उघडी ठेवा. वाटेला दोन दिवस धरायचे की तीन, पाच थर रचायचे की चार, ते तिच्यातूनच निघतं.